खानदेशात समाजकार्याचं शिक्षण आणि नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की दरवर्षी माझ्याकडे मुलं-मुली येतात. कुणी चोपड्याहून, कुणी साक्रीहून, कुणी आदल्या दिवशीच धडगावहून निघून. सोबत बहुतेक वेळा वडील नाहीतर मामा असतात. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, बरीच वर्षं नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांत काम केलं आणि आता विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यावर देखरेख करते. त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

समाजकार्याला शिक्षण कशाला लागतं? तळमळ असली की झालं ना?

तळमळ लागतेच. उन्हाळ्यात पाणपोई लावणारे, वसतिगृहातल्या मुलांना वह्या देणारे लोक आपल्या गावोगावी आहेत आणि त्यांचं मोल मोठं आहे. ती समाजसेवा. समाजकार्य हा शिकून करायचा व्यवसाय आहे.

एक उदाहरण घ्या. नवरा दारू पिऊन मारतो, असं सांगत एखादी बाई तुमच्याकडे आली. तळमळीचा माणूस म्हणेल, चल आत्ताच्या आत्ता पोलीस ठाण्यात. शिकलेला कार्यकर्ता आधी विचारेल: आज रात्री तू कुठे झोपणार? मुलं कुणाजवळ आहेत? आधार कार्ड, रेशन कार्ड कुणाच्या ताब्यात आहे? तुला स्वतःला काय हवं आहे? मग तो तिला सांगेल की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्याच घरात राहण्याचा आदेशही कोर्टाकडे मागता येतो. त्यानंतर ती जे ठरवेल ते तो ऐकेल, आपल्याला पटलं नाही तरी. हे ऐकून घेणं आपोआप येत नाही. ते शिकावं लागतं, चुकत चुकत.

आपल्या देशात समाजकार्याचं पहिलं विद्यालय १९३६ साली मुंबईत निघालं. आज ते टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस) म्हणून ओळखलं जातं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण मला त्या नेहमी एकत्र आठवतात. खेड्याकडे पाहायला देश तेव्हा दोन्ही बाजूंनी शिकत होता.

बारावीनंतर लगेच करावं की पदवीनंतर?

दोन्ही वाटा आहेत. बारावी कोणत्याही शाखेची असो, बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला प्रवेश मिळतो. ही पदवी तीन वर्षांची; नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाची सोय आली आहे. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, दोन वर्षांचं, चार सत्रांचं, आणि त्याला कला, वाणिज्य, विज्ञान, शेती अशी कुठलीही पदवी चालते. मी शिकवलेल्यांपैकी काही फार चांगले कार्यकर्ते बीएस्सी ॲग्रीचे होते. कापसावर काय पडलंय, हे शेतकऱ्याशी बोलता बोलताच त्यांना कळायचं.

नोकरीच्या जाहिरातींत बहुतेक चांगल्या पदांना एमएसडब्ल्यू मागतात. त्यामुळे बीएसडब्ल्यू करून थांबायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. घरची परिस्थिती पाहता मधे एक-दोन वर्षं नोकरी करून मग एमएसडब्ल्यू केलंत तर ते उलट चांगलंच.

खानदेशात कुठे शिकता येतं?

जळगावला लोकसेवक मधुकरराव चौधरी समाजकार्य महाविद्यालय, चोपड्याला भगिनी मंडळाचं, अमळनेरला पंडित जवाहरलाल नेहरू समाजकार्य महाविद्यालय, धुळ्याजवळ मोराण्याला समाजकार्य महाविद्यालय. ही सगळी १९९० साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारा: क्षेत्रकार्यासाठी मुलांना कुठे पाठवता? दर आठवड्याला सुपरवायझर प्रत्येकाशी स्वतंत्र बसतो का? मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची फाईल पाहायला मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला जिथे आनंदाने कपाट उघडतील, तिथे प्रवेश घ्या.

पुण्या-मुंबईला गेलं तर जास्त बरं नाही का?

मिळत असेल आणि झेपत असेल तर जरूर जा. मुंबईत टिस आहे, निर्मला निकेतन आहे. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. टिसचं ग्रामीण केंद्र १९८६ पासून तुळजापूरला आहे. टिसच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी हल्ली केंद्रीय सामायिक परीक्षा, सीयूईटी-पीजी द्यावी लागते. तिचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी सुटतात आणि आपली मुलं नेमकी तिथेच मागे पडतात.

पण इथे शिकलो म्हणून आपण कमी, असं मनात धरू नका. कुपोषण, स्थलांतर, विस्थापन, वनहक्क, कोरडवाहू शेती, रेल्वे जंक्शनवर सापडणारी मुलं, बंद पडलेल्या गिरण्यांचे कामगार हे सगळं शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत असलेला मुलूख शिकणाऱ्याला दुसरा कुठे मिळणार? बाहेरचे विद्यार्थी अभ्यासासाठी इथे येतात.

वर्गात काय शिकवतात?

मानवी वाढ आणि वर्तन, समाजशास्त्र, सामाजिक धोरण, संशोधन. आणि समाजकार्याच्या पद्धती: व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, कल्याण प्रशासन, सामाजिक कृती. परीक्षेला हे सगळं पाठ करून लिहिता येतं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. खरं शिक्षण पुढच्या प्रश्नात आहे.

क्षेत्रकार्य म्हणजे नक्की काय असतं?

मुलं त्याला फिल्डवर्क म्हणतात. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस तुम्ही वर्गात नसता. एखादी वस्ती, रुग्णालय, शाळा, बालगृह किंवा संस्था तुम्हाला नेमून दिलेली असते. तिथे जायचं, काम करायचं, अहवाल लिहायचा आणि तो घेऊन सुपरवायझरसमोर बसायचं. या बैठकीला विद्यार्थी ‘आयसी’ म्हणतात. वर्षात एक ग्रामीण शिबिर होतं, अभ्यास दौरा होतो आणि शेवटी सलग काही आठवड्यांचं ‘ब्लॉक’ असतं.

यातलं माझं स्वतःचं एक सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला क्षेत्रकार्य समजावता येत नाही.

पहिल्या वर्षी मला मोलगीच्या वरच्या एका पाड्यावर गृहभेटीला पाठवलं होतं. अंगणवाडीच्या यादीत एक मूल होतं. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लाल भागात गेलेली, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. अतितीव्र कुपोषित. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा आई घरी नाही. मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. मी अहवालात लिहिलं, ‘आई निष्काळजी आहे. तिला आहाराचं समुपदेशन करण्याची गरज आहे.’

माझ्या सुपरवायझर मॅडमनी तो अहवाल वाचला, ‘निष्काळजी’खाली लाल पेनाने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, “पाणी किती लांब आहे त्यांना?” मला सांगता येईना. मी पाहिलंच नव्हतं.

तिसऱ्या वेळी मी सकाळीच पोचले आणि त्या बाईसोबत झिऱ्यावर गेले. खाली उतरताना माझे गुडघे थरथरत होते. झिरा म्हणजे नाल्याच्या रेतीत खणलेला खड्डा. पाणी हळूहळू झिरपतं, ते वाटीने हंड्यात भरायचं. आमच्या आधी दोघी बसलेल्या, त्यामुळे थांबलो. हंडा भरला, मग चढ. वर येईपर्यंत ऊन तापलं होतं. रिकाम्या हाताने चालूनही मला धाप लागली होती आणि तिला अजून दोन खेपा करायच्या होत्या. घरात ज्वारीची भाकरी होती, पण ती भिजवून, कुस्करून बाळाला भरवायला मोठं माणूस घरात नव्हतं.

मी तो अहवाल फाडला नाही. मॅडमनी फाडू दिला नाही. त्याच्या मागे दुसरा लावला. त्यात समुपदेशनाचं वाक्य नव्हतं. दिवसभरात आई किती वेळ घरी असते, पाणी किती अंतरावर, मुलाला दिवसा कोण सांभाळतं, आशाताई कधी येऊ शकते, ग्रामसभेत हातपंपाचा विषय कधी आला होता, हे होतं. मूल पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्नही हाच आला: आई चौदा दिवस तिथे राहिली तर इथे पाणी कोण भरणार? तो सुटला तेव्हा ती यायला तयार झाली. तिची दीर-जाऊ पुढे आली. ते आम्ही घडवलं नाही, फक्त त्यांना जाऊन विचारलं.

आज माझ्या विद्यार्थ्यांच्या अहवालात ‘निष्काळजी’, ‘अज्ञानी’, ‘मागासलेले’ असा शब्द दिसला की मीही लाल रेघ मारते.

एवढे अहवाल लिहायला का लावतात? काम महत्त्वाचं की कागद?

ही तक्रार दरवर्षी येते आणि मी दरवर्षी हेच सांगते: आपल्या कामात कागद म्हणजे एखाद्याचं आयुष्य असतं.

भुसावळ स्टेशनवर एकटं फिरणारं दहा वर्षांचं मूल सापडलं, असं समजा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. मग समिती सामाजिक तपास अहवाल मागवते. तो पंधरा दिवसांत द्यायचा असतो, कारण समितीने चार महिन्यांच्या आत अंतिम निर्णय घ्यावा असं कायदा सांगतो. मुलाला घरी पाठवायचं, बालगृहात ठेवायचं की एखाद्या नातेवाइकाकडे, हे ठरताना समितीच्या टेबलावर तुमची चार-पाच पानं असतात. त्यात ‘घरची परिस्थिती हलाखीची’ एवढंच लिहिलंत, तर समितीला काय समजणार? ‘वडील ऊसतोडीला, आई वारलेली, मूल काकाकडे, काका पहाटे हॉटेलात कामाला लावायचा, आजी पलीकडच्या गावात आहे आणि तिला मूल हवं आहे’ असं लिहिलंत, तर एक दार उघडतं.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते शब्दन् शब्द लिहून घेत. दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत, आपलं काही न मिसळता उतरवून घेणं ही केवढी साधना आहे, हे मुलांना सांगताना मी हा दाखला देते. समोरची बाई जे बोलली ते अवतरणात लिहा. तुम्हाला जे वाटलं ते खाली वेगळं, ‘माझं निरीक्षण’ म्हणून लिहा. या दोन्हींची सरमिसळ करू नका.

अहिराणी, पावरी येत नसेल तर?

अहिराणी बहुतेकांना घरचीच असते, पण कॉलेजात आल्यावर ती बोलायची लाज वाटते. ती लाज पहिल्या आठवड्यात सोडून द्या. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत शिरपूरकडच्या एका आजीने मला वहीतून प्रश्न वाचताना पाहिलं आणि म्हणाली, “माय, पह्यले बठ. मंग इचारजो.” मी बसले, तिने चहा ठेवला, आणि वहीतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं न विचारता मिळाली.

सातपुड्यात मात्र अहिराणीही पुरत नाही. धडगाव, शहादा, शिरपूर, चोपडा या पट्ट्यात पावरी, नवापूरकडे मावची, साक्रीच्या पश्चिमेला कोकणी, आणि भिलीच्या किती तरी छटा. दोन वर्षांत सगळ्या येणार नाहीत. पण ज्या गावात जाता तिथली नाती, धान्यांची नावं, आजारांची नावं आणि ‘कसं वाटतंय’ हे विचारायचं वाक्य एवढं तरी शिका. दुभाषी म्हणून लहान मुलांना वापरू नका. मारझोड, पाळी, गर्भपात असले विषय शाळकरी पोराच्या तोंडून आईला विचारणं हा त्या दोघांवरही अन्याय आहे.

दिवाळीनंतर गावात कुणीच भेटत नाही. मग क्षेत्रकार्य कसं करायचं?

हे फार खरं आहे. दिवाळी झाली की नंदुरबार-धुळ्याच्या डोंगराळ भागातली कुटुंबं ऊसतोडीला, कापूस वेचायला गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमाराला परततात. विद्यापीठाचं वेळापत्रक याकडे पाहत नाही. म्हणून गावभेटी आणि बैठका पावसाळ्यात उरकून घ्या. हिवाळ्यात मागे राहिलेले म्हातारे, आश्रमशाळेतली मुलं आणि सोबत गेलेल्या मुलांच्या शाळेचा प्रश्न यावर काम करा. ज्याच्या दाराला कुलूप आहे त्याची माहिती शेजाऱ्याकडून नीट घेता आली तर तेही शिक्षणच आहे.

होळीला बैठक ठेवू नका. होळीआधीचा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार असतो, काठी गावची होळी असते. त्या दिवशी पाहुणे म्हणून जा.

कोणतं स्पेशलायझेशन घ्यावं?

वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य, कुटुंब व बालकल्याण, ग्रामीण-आदिवासी-नागरी समुदाय विकास, गुन्हेगारी व सुधार प्रशासन, मनुष्यबळ आणि कामगार कल्याण, असे विषय साधारणपणे असतात. प्रत्येक महाविद्यालयात सगळेच असतात असं नाही. घरचे ‘एचआर घे, कंपनीत लागशील’ म्हणतात. जळगावच्या एमआयडीसीत पाइप, चटई, डाळीचे कारखाने आहेत, त्यामुळे ते अगदीच चूक नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं होतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो आकडा २५० वर आणला.

पण ज्याला माणसाच्या आजारपणाजवळ बसवतं त्याने वैद्यकीय घ्यावं. ज्याला बैठकीत, चावडीवर, दहा जणांच्या भांडणात मजा येते त्याने समुदाय विकास. पहिल्या वर्षीच्या फाईलमध्ये तुमचे कोणते अहवाल लांब झालेत ते पाहा. माणूस जिथे रमतो तिथे आपोआप जास्त लिहितो.

मनोविकार क्षेत्रात पुढे जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल मागितलं आहे. बंगळुरूचं निमहान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही त्यासाठीची जुनी, नावाजलेली ठिकाणं.

नोकरी नक्की कुठे मिळते?

सरकारी रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ असं पद असतं. धुळे, जळगाव आणि आता नंदुरबार अशी तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. बेवारस रुग्ण, योजनांचे कागद, नातेवाइकांची समजूत, एचआयव्ही आणि क्षयरोगाचं समुपदेशन, हे सगळं तिथे येतं.

जिल्हा बाल संरक्षण कक्षात संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्र कार्यकर्ता ही पदं ‘मिशन वात्सल्य’ या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली भरतात. १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकाचं काम त्याला जोडलेलं आहे. महिलांसाठी सखी वन स्टॉप सेंटर आणि १८१ हा क्रमांक. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात बचत गटांचं काम. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांचे गृहपाल. परिविक्षा अधिकारी. बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यासारखी काही पदं लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून.

शिकवायचं असेल तर समाजकार्य विषयात नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. काही वर्षं क्षेत्रात घालवल्याशिवाय शिकवायला येऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

संस्थांमध्ये खूप काम आहे. नंदुरबार २०१८ पासून आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या केंद्राच्या यादीत आहे, त्यामुळे आरोग्य-पोषण-शिक्षणाचे प्रकल्प इथे येत राहतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, तेव्हापासून कंपन्यांच्या पैशावरचे प्रकल्पही वाढले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना आराखडे करायला जाणती माणसं लागतात. तिथे जो ग्रामसभा शांतपणे बसवू शकतो आणि नकाशाही वाचू शकतो, तो रिकामा राहत नाही.

पगार किती मिळतो? घर चालतं का?

हा प्रश्न वडील विचारतात, मुलं विचारत नाहीत. मुलांनीही विचारायला हवा.

मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांत संरक्षण अधिकाऱ्याला महिना २७,८०४ रुपये, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्त्याला १८,५३६, क्षेत्र कार्यकर्त्याला १०,५९२ असं मानधन धरलं आहे. ही पदं कंत्राटी असतात. कायम सरकारी पदांना वेतनश्रेणी मिळते, पण जागा थोड्या आणि जाहिराती उशिरा. संस्थेत प्रकल्प संपला की नोकरी संपते. म्हणून रुजू होताना ‘प्रकल्प किती वर्षांचा आणि कितवं वर्ष चालू आहे’ हे विचारून घ्या. नेमणूक पत्र, प्रवास भत्ता, भविष्य निर्वाह निधी याबद्दल बोलायला संकोच करू नका.

मी सुरुवातीला एका संस्थेत काम केलं, तिथे चार महिने मानधन थकलं होतं. विचारलं की ‘समाजसेवेत पैसे मोजायचे नसतात’ हे उत्तर मिळायचं. इतरांच्या हक्काच्या मजुरीसाठी भांडणाऱ्या संस्थेने आपल्याच कार्यकर्त्याला असं म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

शिष्यवृत्ती मिळते का?

मिळते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि शिक्षण शुल्काच्या सवलती महाडीबीटी पोर्टलवरून. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधी काढून ठेवा. तहसीलबाहेरची रांग जुलैत फार मोठी असते.

दूरशिक्षणाने केलं तर चालेल का?

इग्नूचं एमएसडब्ल्यू आहे आणि अंगणवाडी पर्यवेक्षिका, आशा गटप्रवर्तक, संस्थेत आधीच काम करणारे यांच्यासाठी ते चांगलं आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्याने मात्र शक्य असेल तर नियमितच करावं. सुपरवायझरसमोर दर आठवड्याला बसायला मिळणं, हेच या शिक्षणातलं सोनं आहे.

मुलीने डोंगरात एकटीने फिरायचं, हे आम्हाला पटत नाही.

आईवडिलांची काळजी खोटी नाही. मी त्यांना काही गोष्टी सांगते. नव्या गावात पहिल्या भेटी नेहमी दोघींनी मिळून. गावात शिरताना आधी अंगणवाडीताई किंवा आशाताईकडे. तिच्या ओळखीने पुढे. शेवटची बस किंवा जीप किती वाजता सुटते ते उतरतानाच विचारायचं. कुठे आहोत हे सुपरवायझरला कळवल्याशिवाय मुक्काम नाही. मोबाईलला रेंज नसणारी गावं आधीच ठाऊक असतात, त्या दिवशी परतायची वेळ ठरवून निघायचं.

आणि एक गोष्ट अनुभवाने सांगते. पाड्यावरच्या बायका एकट्या मुलीला अंगणात ठेवत नाहीत. आत बोलावतात, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मला भीती जास्त वेळा शहरातल्या बसस्टँडवर वाटली.

कायदे किती माहीत हवेत?

वकिलाइतके नकोत, पण कुठल्या दाराशी न्यायचं एवढं तरी. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं सक्तीचं आहे. ‘गावात मिटवू’ म्हणणाऱ्यांत तुम्ही बसू शकत नाही. बालविवाहासाठी २००६ चा कायदा. गावात ग्रामसेवक हा प्रतिबंध अधिकारी असतो. बाईला डाकीण ठरवून छळण्याचा प्रकार सातपुड्यात अजून घडतो, त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. जात पंचायतीने वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे नंदुरबारचा बहुतेक भाग, साक्री-शिरपूरचा काही आणि चोपडा, यावल, रावेरमधली काही गावं, तिथे पेसा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आणि त्याचे २०१४ चे राज्याचे नियम वाचूनच ग्रामसभेत बोला.

डाकिणीच्या प्रकरणात पहिलं काम त्या बाईला सुरक्षित जागी नेणं. व्याख्यान नंतर. कायद्याचा कागद दाखवून गावाची भीती जात नाही. त्या घरात मूल कशाने दगावलं हे डॉक्टरांकडून गावासमोर सांगितलं जाणं जास्त उपयोगी पडतं, हे मी पाहिलं आहे.

आंदोलनात जाणं हे समाजकार्य आहे का?

पुस्तकात त्याला सामाजिक कृती म्हणतात आणि ती समाजकार्याची मान्य पद्धत आहे. खानदेशात तर तिचा वारसाच आहे. शहाद्याला अंबरसिंग महाराजांनी भिल्ल शेतमजुरांना उभं केलं आणि १९७२ साली श्रमिक संघटना सुरू झाली. सरदार सरोवरात नंदुरबारची ३३ गावं बाधित झाली, तेव्हा नर्मदा बचाव आंदोलनाने लढ्यासोबत तिथल्या मुलांसाठी जीवनशाळा नावाच्या शाळाही चालवल्या. ज्याला समुदाय संघटन शिकायचंय त्याने ही दोन्ही कामं पाहिलेल्या माणसांजवळ बसावं.

मात्र विद्यार्थी म्हणून ज्या संस्थेत नेमलं आहे तिच्या नावाने मोर्चात जाऊ नका. जायचं तर स्वतःच्या नावाने, सुपरवायझरला सांगून. आणि लोकांनी ठरवलं तर जा. आपल्याला मोर्चा हवा म्हणून लोकांना नेऊ नका. पोलीस केस त्यांच्यावर होते, मजुरी त्यांची बुडते.

स्वतःची संस्था काढावी का?

काढायला सोपी आहे. सात माणसं, घटना आणि धर्मादाय कार्यालयात १८६० व १९५० च्या कायद्यांखाली नोंदणी. नंतर आयकर सवलतीसाठी १२ए आणि ८०जी, कंपन्यांचा निधी हवा तर सीएसआर-१ नोंदणी, परदेशी निधीला एफसीआरए कायद्याखाली नोंदणी आणि त्यासाठी तीन वर्षांचं काम. पुढे दरवर्षी हिशेब तपासणी आणि बदल अर्ज. कित्येक संस्था या कागदांतच दमतात. आधी किमान पाच वर्षं दुसऱ्याच्या संस्थेत काम करा, पावती फाडण्यापासून लेखापरीक्षणापर्यंत सगळं हाताखालून जाऊ द्या. आणि तुमच्या गावात तेच काम करणारी बरी संस्था असेल तर तिच्यातच जा.

मनाला त्रास होतो. झोप लागत नाही. मी या कामासाठी बनलेच नाही का?

बनली आहेस, म्हणून त्रास होतो. जळीत वॉर्डात महिनाभर बसलेल्या मुलीला नीट झोप लागली तर मला काळजी वाटेल. पण हे एकटीने पेलायचं नसतं. आयसीमध्ये केसबद्दल बोलताना स्वतःबद्दलही बोला. सुपरवायझर ऐकत नसेल तर दुसऱ्या शिक्षकाकडे जा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक आपण लोकांना देतो. तो आपल्यासाठीही आहे. केसमधल्या माणसाला स्वतःच्या खिशातून सारखे पैसे देऊ नका, रात्री-बेरात्री वैयक्तिक फोन उचलायची सवय लावू नका. एखादा दिवस शेतावर जा, घरी भरीत-भाकरी करा, मैत्रिणींना बोलवा.

क्षेत्रकार्याच्या पहिल्या दिवशी सोबत काय न्यायचं?

ओळखपत्र, महाविद्यालयाचं पत्र, दोन पेनं, पाण्याची बाटली, ऊन असेल तर रुमाल, स्वतःपुरती भाकरी. वही पिशवीतच ठेवा, बाहेर काढू नका. मोबाईलने फोटो नकोत. घरात बोलावलं तर चपला बाहेर काढून खाली बसा, पाणी दिलं तर घ्या. पहिल्या दिवशी कुणाला कसली योजना मिळवून देतो असं सांगू नका. परतताना बसमध्ये, सगळं ताजं असताना, कोण कोण भेटलं आणि कुणी काय म्हटलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. आणि पाणी किती लांब आहे, तेवढं पाहून या.